जुन्या स्पोर्ट्स कारची चाकं: मूळ ठेवायची की बदलायची?

जुनी स्पोर्ट्स कार हाती आली की पहिल्या महिन्यात नजर चाकांवर जाते. कुणी म्हणतं मूळ चाकांना हात लावू नकोस, कुणी म्हणतं पंधरा इंची अलॉय टाक, गाडी ओळखू येणार नाही. दोघेही रिमबद्दल, म्हणजे टायरच्या आतल्या धातूच्या चाकाबद्दल, बोलत असतात. रस्त्याला टेकतो तो मात्र टायर. रिमचं काम टायरला नेमक्या जागी, नेमक्या रुंदीवर आणि न डगमगता धरून ठेवायचं, एवढंच. म्हणून निवड टायरपासून सुरू करायची. आवडलेली रिम आधी घेऊन मग तिच्यात बसेल तो टायर शोधत फिरणं म्हणजे आधी कळस, मग पाया.

पायरी 1: गाडीवर आत्ता काय बसलंय?

'मूळ चाकं' म्हणून मिळालेली चाकं बऱ्याचदा मूळ नसतात. चाळीस-पन्नास वर्षांत गाडी चार-पाच हातांतून गेलेली असते. एक चाक काढा, पाठीमागची बाजू घासून पुसा आणि ठसे वाचा. अलॉय (हलक्या मिश्रधातूच्या) चाकावर रुंदी, व्यास, ऑफसेट (तो काय, ते पायरी 4 मध्ये), पार्ट नंबर आणि बहुतेक वेळा ओतकामाचा महिना-वर्ष असतं. पोर्शे 911 च्या फुक्स चाकांवर पाठीमागे कोल्ह्याचं चिन्ह, माप आणि तारीख असते. ती तारीख गाडीच्या जन्मतारखेच्या थोडी आधीची हवी. गाडी 1973 ची आणि चाकावर 1981 असेल, तर चाक अस्सल असू शकतं, पण त्या गाडीचं नाही.

चारही चाकं तपासा, स्टेपनीही. स्टेपनी वर्षानुवर्षं डिकीत पडून असते, त्यामुळे अनेकदा एकटी तीच अस्सल राहिलेली असते. तिची मापं लिहून ठेवा, पुढच्या सगळ्या हिशेबाचा पाया तोच.

मागची-पुढची चाकं वेगळ्या रुंदीची असली तर ती चूक समजू नका. 1973 च्या कॅरेरा आरएस 2.7 ला कारखान्यातूनच पुढे 6 आणि मागे 7 इंची रिम होती, टायर 185/70 आणि 215/60 (पहिला आकडा रुंदी मिमीत, दुसरा उंची, रुंदीच्या टक्क्यांत).

पायरी 2: टायर ठरवा

मूळ मापाचा, तुमच्या वेगाला आणि वजनाला पुरेसा, ताजा टायर मिळतो का, ते आधी पाहा. मिळत असेल तर मूळ चाकांच्या बाजूने अर्धा निकाल लागला. जुन्या गाड्यांसाठी मिशेलिन एक्सडब्ल्यूएक्स, पिरेली सिंतुरातो सीएन36 असे त्या काळच्या नक्षीचे टायर आजही नव्याने बनतात. महाग असतात, पण गाडीचं सस्पेन्शन ज्या प्रकारच्या टायरवर बेतलेलं होतं, तोच हा प्रकार.

माप वाचताना एक मेख लक्षात ठेवा. जुन्या टायरवर नुसतं '165 आर14' लिहिलेलं असतं, मधला, उंचीचा आकडा नसतो. तिथे उंची रुंदीच्या साधारण 80 टक्के धरायची. त्याच्याही आधीचे क्रॉसप्लाय (आतले दोर एकमेकांना तिरपे छेदणारे) टायर इंचात असतात, 5.60-14 असे. एकाच गाडीवर क्रॉसप्लाय आणि रेडियल (आजचे नेहमीचे, 'आर' अक्षराचे) मिसळू नका. एका अॅक्सलवर तर कधीच नाही.

मग तीन आकडे बघा:

वेगाचं अक्षर: एस म्हणजे 180 किमी, टी 190, एच 210, व्ही 240. गाडीच्या मूळ कागदांत जे अक्षर असेल त्याच्या खाली उतरू नका.

भाराचा अंक: 82 म्हणजे एका टायरला 475 किलो, 84 म्हणजे 500, 88 म्हणजे 560. भरलेल्या गाडीचं जड अॅक्सलवरचं वजन भागिले दोन, त्यापेक्षा हा आकडा वर हवा.

तारीख: साइडवॉलवरचे, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवरचे, शेवटचे चार अंक. '2319' म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. तीनच अंक असतील तर टायर 2000 च्या आधीचा आहे. नक्षी कितीही खोल दिसो, तो रस्त्यावर न्यायचा नाही. जुन्या गाड्यांचे टायर झिजून मरत नाहीत, म्हातारे होऊन मरतात. दहा वर्षांचा टायर ओल्या रस्त्यावर लाकडासारखा वागतो.

मूळ माप मिळतच नाही, अशाही गाड्या आहेत. त्यात ठळक उदाहरण मिशेलिन टीआरएक्सचं. रिमचा व्यास इंचात नसून 390 किंवा 415 मिलिमीटर. काही बीएमडब्ल्यूंवर 390 ची, सुरुवातीच्या फेरारी टेस्टारोसावर 415 ची. रिमचा काठही वेगळ्या आकाराचा असतो. 390 मिमी म्हणजे 15.35 इंच, त्यामुळे 'पंधराचा ताणून बसेल' असं सांगणारा भेटतोच. ते ऐकू नका. टायर काठावर नीट बसत नाही, आणि हवा भरताना किंवा वळणावर निसटतो. इथे दोनच रस्ते: टीआरएक्स टायर महाग पडला तरी घ्यायचा, किंवा मूळ चाकं जपून ठेवून इंची मापाची रिम लावायची. रोज चालवायच्या गाडीला दुसरा रस्ता बरा.

पायरी 3: मूळ चाकांची तब्येत

टायर मिळतोय, मग चाक वापरण्याजोगं आहे का? रंगावर जाऊ नका. दिसतं तसं नसतं, आणि चाकांच्या बाबतीत तर ताजा रंगच संशयाचा.

पत्र्याची चाकं सगळ्यांत सोपी. मधली ताटली रिमला जिथे वेल्ड किंवा रिव्हेट केलेली असते तिथला गंज, नटांची भोकं लांबट झालीत का, आणि हवेच्या खिडक्यांच्या कोपऱ्यांतल्या भेगा, एवढंच पाहा. अॅक्सलवरच फिरवून, काठाजवळ एक टोकदार वस्तू स्थिर धरून बघा. बाजूला एक मिमीपेक्षा जास्त हलत असेल तर आउट, म्हणजे ही डगमग, काढून घ्या किंवा बदला.

तारेची चाकं, म्हणजे आऱ्यांची, हा वेगळाच संसार आहे. एमजीबी या ब्रिटिश गाडीला 60 आरे असत, जॅग्वार ई-टाइपला 72. चाक अधांतरी धरा आणि पेनाच्या मागच्या टोकाने एकेका आऱ्यावर टिचकी मारत फिरा. घट्ट आरा टणत्कार देतो, ढिला आरा बसका वाजतो. दोन-चार ढिले असतील तर ताणून घेता येतात. पण पूर्ण चाकच बसकं वाजत असेल, किंवा आरे तुटलेले असतील, तर ताणत बसू नका. एक आरा तुटला की त्याचा भार शेजाऱ्यांवर जातो आणि तेही रांगेने जातात. आरे ताणणं हे सायकलच्या चाकासारखंच काम, फक्त ऑफसेटही सांभाळावा लागतो, म्हणून ते जाणत्याच्याच हातात द्या. वर-खाली आणि बाजूला दीड मिमीच्या आत आउट राहिला तर चालेल. क्रोमचा मोह आवरा: मुलाम्याच्या प्रक्रियेत कणखर पोलादात हायड्रोजन शिरतो आणि नीट भाजून तो काढला नाही तर आरे ठिसूळ होतात. चमक हवी असेल तर स्टेनलेसचे आरे घ्या, नाहीतर सरळ चंदेरी रंग. पावडर कोटिंग इथे नको, निपल (आऱ्यांच्या टोकांचे छोटे नट) चिकटून बसतात आणि पुढे आउट काढता येत नाही.

तारेच्या चाकांत खरी झीज आऱ्यांत कमी आणि मधल्या दातांत जास्त होते. चाक हबवर (अॅक्सलच्या टोकाच्या फिरत्या भागावर) खाचांच्या दातांनी बसतं आणि मधोमध एकच मोठा नट. दात झिजले की गाडी सुटताना आणि मागे घेताना 'टक' असा आवाज येतो. तपासायची रीत: चाक जॅकवर उचला, कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि चाक पुढे-मागे फिरवायचा प्रयत्न करा. हब हलत नाही पण चाक हलतंय, म्हणजे दात गेले. चाक काढून बघा: चांगल्या दाताचा माथा सपाट असतो, झिजलेला करवतीसारखा टोकदार. आणि इथेच नवखे फसतात. नवी चाकं आणतात, जुन्या हबवर चढवतात, आणि थोड्याच काळात नवीही खराब. झिजलेला हब नव्या चाकाचे दात खातो. हब आणि चाक जोडीनेच बदलायचं.

मोठ्या नटाचे आटे दोन्ही बाजूंना उलटसुलट असतात: गाडीच्या डाव्या बाजूला उजवे आटे, उजव्या बाजूला डावे. नटावर सोडवण्याच्या दिशेचा बाण असतो. हब किंवा अॅक्सल बदलताना बाजू अदलाबदल झाली तर नट चालता चालता सैल होत जातो आणि चाक निघून पडतं. ही ऐकीव भीती नाही, यंत्राची साधी चाल आहे.

अलॉयमध्ये भेगा शोधायच्या. नटांच्या भोकांपासून निघणाऱ्या, आरे रिमला मिळतात तिथल्या, आणि आतल्या काठावरच्या. आतला काठ खड्ड्याचा मार जास्त खातो आणि कुणी बघत नाही. रंग उतरवून डाय पेनेट्रंट करून घ्या: लाल द्रव लावायचा, पुसायचा, वर पांढरा डेव्हलपर; भेग असेल तर लाल रेघ उमटते. काठावरचा छोटा वेल्ड एकवेळ सहन करता येईल, आऱ्याजवळचा नाही, कारण तापल्यामुळे तिथल्या धातूचा मूळ कणखरपणा निघून गेलेला असतो. याच कारणाने पावडर कोटिंगही कमी तापमानाचं मागा. नेहमीची भट्टी 180 ते 200 अंशांची असते आणि उष्मोपचार केलेल्या अॅल्युमिनियमला ती जास्त होते. फुक्ससारख्या अॅनोडाइज केलेल्या चाकांना पॉलिश किंवा सँडब्लास्ट केलं की वरचा संरक्षक थर जातो. चार दिवस आरशासारखं दिसतं, मग डाग.

मॅग्नेशियमची चाकं, म्हणजे शब्दाच्या खऱ्या अर्थाने 'मॅग व्हील'. लोक सरसकट सगळ्या अलॉयना मॅग म्हणतात, त्यामुळे गोंधळ होतो. लॅम्बोर्गिनी मियुरासारख्या गाड्यांवर कॅम्पान्योलोची खरी मॅग्नेशियम चाकं होती. मॅग्नेशियमची घनता 1.74, अॅल्युमिनियमची 2.7, हातात घेताच हलकेपणा जाणवतो. खात्री करायची तर पाठीमागे नखाएवढी जागा खरवडून व्हिनेगरचा थेंब टाका: लगेच फेस आला तर मॅग्नेशियम. मग पाण्याने धुऊन टाका. हा धातू ओल्याने आतून कुजतो, पांढरी भुकटी सुटते, पोखरलेल्या जागेतून हवा झिरपते. एक्स-रे काढल्याशिवाय अशा जुन्या चाकांवर वेगाने जायचं नाही, आणि खरं सांगायचं तर रोजच्या वापराला ती नकोतच. ती प्रदर्शनासाठी ठेवा आणि त्याच आकाराची अॅल्युमिनियमची प्रतिकृती चालवायला लावा. इथे बदल करणं हाच शहाणपणा.

पायरी 4: बदलायचं ठरलं, तर मापं घ्या

पीसीडी, म्हणजे नटांच्या वर्तुळाचा व्यास. चार नट असतील तर समोरासमोरच्या दोन स्टडच्या (नट चढतो त्या आटेदार खुंट्यांच्या) मध्यापासून मध्यापर्यंत सरळ मोजा. पाच असतील तर समोर कुणी नसतं, म्हणून शेजारच्या दोन स्टडमधलं अंतर मोजून 1.701 ने गुणा. 911 ला ते अंतर 76.4 मिमी भरतं, गुणाकार 130. बीएमडब्ल्यू 2002 आणि पहिली माझदा एमएक्स-5 यांना 4×100 (चार नट, 100 मिमी), फियाट 124 स्पायडरला 4×98, एमजीबी आणि डॅटसन 240झेडला 4×114.3, अल्फा रोमिओच्या 105 मालिकेला 4×108.

98 आणि 100 मधला फरक घातक आहे, कारण 100 चं चाक 98 च्या हबवर चढतं. एक-एक मिमी इकडेतिकडे होऊन नट घट्टही लागतात. पण शंकूच्या बैठकीत नट एका बाजूनेच टेकतो, चाक मध्यावर राहत नाही, आणि स्टड वाकत राहून शेवटी तुटतो. चढतं म्हणजे बसतं असं नाही.

मधलं भोक: नव्या रिमचं भोक हबच्या उंचवट्याएवढंच हवं, किंवा मोठं असून मध्ये कडी घालायची. 911 चं भोक 71.6 मिमी, एमएक्स-5 चं 54.1. मोठ्या भोकाची रिम कडीविना लावली तर नटच चाक मध्यावर धरतात. शंकूचे नट असतील तर हे चालून जातं, पण ऐंशीच्या वर गाडी थरथरली की बॅलन्सिंगला दोष देण्याआधी ही कडी तपासा.

ऑफसेट हा सगळ्यांत जास्त चुकणारा आकडा. रिमच्या रुंदीच्या मध्यापासून हबला टेकणारा पृष्ठभाग किती बाहेरच्या अंगाला आहे, ते अंतर. चाक पालथं, म्हणजे दर्शनी बाजू खाली, ठेवा. वरच्या काठावर पट्टी आडवी टाका आणि पट्टीपासून टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंत खोली मोजा. रिमची एकूण रुंदी म्हणजे लिहिलेले इंच अधिक दोन्ही काठांचे मिळून साधारण 25 मिमी. खोलीतून एकूण रुंदीचा निम्मा भाग वजा केला की ऑफसेट मिळतो.

आता हिशेब. एमएक्स-5 ची मूळ रिम 14×5.5 (व्यास आणि रुंदी, इंचात), ऑफसेट 45. मध्यापासून निम्मी रुंदी 69.9 मिमी. म्हणजे टेकणाऱ्या पृष्ठभागापासून आत 69.9 अधिक 45, म्हणजे 114.9, बाहेर 69.9 वजा 45, म्हणजे 24.9. समजा 15×7, ऑफसेट 25 ची देखणी रिम आवडली. निम्मी रुंदी 88.9. आत 113.9, बाहेर 63.9. आतल्या बाजूला एक मिमी जागा उलट वाढली, सस्पेन्शनला लागायचा प्रश्न नाही. पण बाहेर चाक 39 मिमी जास्त आलं. मडगार्डची कड आणि टायर यांची गाठ पडणार. आता 15×6, ऑफसेट 38 घेऊन बघा: आत 114.2, बाहेर 38.2. बाहेर फक्त 13 मिमी जास्त. हे बसतं, आणि दिसायलाही नीट.

हा हिशेब फक्त मडगार्डपुरता नाही. ऑफसेट वीस मिमीने घटला की टायरचा मध्य वीस मिमी बाहेर सरकतो. स्टिअरिंग ज्या रेषेभोवती वळतं तिच्यापासून टायर लांब गेला, म्हणून खड्ड्याचा प्रत्येक गचका थेट हातात येतो, ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढते आणि बेअरिंगवर तरफेचा भार वाढतो. जुन्या गाडीला बहुधा पॉवर स्टिअरिंग नसतं. पार्किंगमध्ये ते रोज आठवेल. स्पेसर (हब आणि चाक यांच्यामध्ये घालायची चकती) लावून चाक बाहेर काढण्याचे परिणामही हेच.

व्यास आणि परीघ

टायरचा पूर्ण व्यास म्हणजे रुंदी गुणिले टक्का गुणिले दोन, अधिक रिम (एक इंच म्हणजे 25.4 मिमी). एमएक्स-5 चा 185/60 आर14 भरतो 577.6 मिमी. 195/50 आर15 भरतो 576. फरक नगण्य, म्हणून हा बदल सरळ जमतो. 911 वर 185/70 आर15 चा व्यास 640, 205/55 आर16 चा 632. सव्वा टक्का, चालेल.

आता फसलेलं उदाहरण: एमजीबीवर 165/80 आर14, व्यास 619.6. त्यावर हाच लोकप्रिय 195/50 आर15 लावला तर 576, सात टक्के कमी. स्पीडोमीटर 100 दाखवेल तेव्हा गाडी 93 ने चाललेली असेल. जिथे इंजिन 3000 फेऱ्यांवर फिरत होतं तिथे 3230 वर फिरेल. चार गिअरच्या गाडीत लांबच्या प्रवासाला हे कानाला लागतं. गाडी 22 मिमी खाली येईल आणि सायलेन्सर गतिरोधकाला टेकेल. शिवाय मडगार्डच्या कमानीत रिकामी पोकळी दिसेल. फरक तीन टक्क्यांच्या आत ठेवा.

आमचं मत स्पष्ट आहे: आधी रुंदी, मग व्यास. मूळ व्यासातच अर्धा किंवा एक इंच रुंद रिम ही साठ-सत्तरच्या दशकांतल्या गाड्यांना सर्वांत जास्त मानवणारी सुधारणा. उंच साइडवॉल ही त्या गाड्यांच्या सस्पेन्शनचाच भाग होती. ती कापली की जुना सांगाडा खुळखुळ्यासारखा वाजतो. आणि रुंदीही किती, हे बनवणाऱ्यांनीच सांगून ठेवलेलं असतं: तुमच्याच गाडीच्या वरच्या किंवा नंतरच्या मॉडेलला कारखान्याने काय दिलं होतं ते बघा. ई-टाइप 5 इंची रिमवर सुरू झाली, तिसऱ्या मालिकेला जॅग्वारने 6 इंची दिली. फक्त त्या मॉडेलचे मडगार्ड रुंद केले होते का, तेही बघा. तिसऱ्या ई-टाइपचे होते.

टायरची रुंदी रिमला साजेशी हवी. 165/80 ला 4 ते 5.5 इंच, 185/60 ला 5 ते 6.5, 195/50 ला 5.5 ते 7. अरुंद रिमवर रुंद टायर फुगतो, वळणावर लोळतो, मधल्या भागातच झिजतो.

पायरी 5: विकत घेण्याआधी एक चाक चढवून बघा

चार नको, एकच मागा. टायरसकट. जमिनीवर उभ्या गाडीला चाक बसलं म्हणजे झालं नाही. त्या कोपऱ्याची स्प्रिंग काढा, किंवा निदान जॅकने सस्पेन्शन बंप स्टॉपला (त्याची हद्द ठरवणाऱ्या रबरी ठोकळ्याला) टेकेपर्यंत दाबा, आणि मग स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. मडगार्डची कड, आतला पत्रा, ब्रेकची नळी, स्टिअरिंगचा सांधा, अँटिरोल बारचं टोक. नळीवर विशेष लक्ष: ती घासायला लागली तर आवाज येत नाही, ब्रेक जातो तेव्हाच कळतं. संशयाच्या जागी खेळण्यातल्या मातीचे गोळे चिकटवा आणि फिरवा. मातीची उरलेली जाडी म्हणजे तुमची मोकळी जागा. हलत्या भागांपाशी 5 मिमीच्या आत आणि टायरच्या बाजूला 10 मिमीच्या आत जागा राहत असेल तर नको.

कॅलिपरपाशी, म्हणजे ब्रेकच्या पकडीपाशीही बघा. मोठे ब्रेक बसवलेल्या गाडीत रिमचा आतला घेर कॅलिपरला जेमतेम सुटतो, आणि नंतर बॅलन्सिंगवाला तिथेच शिशाचं वजन चिकटवतो. पहिल्याच फेरीला कॅलिपर ते वजन सोलून काढतं.

जुन्या गाड्या दोन्ही बाजूंना सारख्या नसतात, हे मात्र विसरू नका. डावीकडे बसलेलं चाक उजवीकडे घासू शकतं. मागचा अॅक्सल सात-आठ मिमी एका बाजूला असणं नवल नाही.

नट, स्टड आणि आटे

इथे कंटाळा करू नका. पत्र्याच्या चाकाची ताटली पातळ असते, अलॉयची जाड, म्हणून जुना स्टड अलॉयला आखूड पडतो. नियम साधा: नटाचे आटे स्टडवर निदान स्टडच्या जाडीइतके चढले पाहिजेत. एम12×1.5 च्या (12 मिमी जाड, आट्यांत 1.5 मिमी अंतर) स्टडवर ते आठ पूर्ण फेरे, अर्धा इंच जाडीच्या, इंचाला वीस आट्यांच्या स्टडवर दहा फेरे. हाताने मोजा. कमी भरले तर लांब स्टड बसवा.

आट्यांचं मापही तपासा. एम12×1.5 आणि एम12×1.25 दिसायला जुळे भाऊ. एकाचा नट दुसऱ्यावर दोन फेरे हाताने जातो आणि मग पान्याने जोर लावला की आटे जातात.

नटाची बैठक तीन तऱ्हांची असते: शंकू, गोल, सपाट वॉशरची. चाकाला जी असेल तीच नटाला. 911 च्या अॅल्युमिनियम नटांची बैठक गोल आहे, त्यात शंकूचा नट घातला तर तो एका रेघेवर टेकतो. बैठकीवर आणि हबला टेकणाऱ्या पृष्ठभागावर रंगाचा जाड थर नको. नट आवळताना रंग दबतो, चालताना तुटून निघतो आणि नट आपोआप सैल. नव्या रंगवलेल्या चाकांचे नट ढिले होण्याचं मोठं कारण हेच.

एमजीबीच्या मालकांसाठी एक टीप. नंतरच्या मॉडेलमध्ये तारेच्या चाकांचा मागचा अॅक्सल पत्र्याच्या चाकांच्या अॅक्सलपेक्षा अरुंद असतो. म्हणून पत्र्याच्या गाडीला अॅडॅप्टर लावून तारेची चाकं चढवली की ती बाहेर येतात आणि मागचा मडगार्ड घासतो. शिवाय अॅडॅप्टरसाठी स्टड कापून आखूड करावे लागतात, मग परत पत्र्याची चाकं लावायची तर स्टड नवे. हौस असेल तर करा, पण माघारीचा खर्च धरून.

ट्यूब

तारेच्या चाकात ट्यूब हवीच, आऱ्यांच्या निपलमधून हवा गळते. वर रबरी पट्टीही. जुन्या पत्र्याच्या रिमना टायरचा काठ अडवून धरणारा आतला उंचवटा बहुधा नसतो. हवा कमी झाली तर ट्यूबलेस टायर खोबणीत घसरतो, म्हणून तिथेही ट्यूब. ट्यूब रेडियलला चालणारी आणि त्याच मापाची घ्या. व्हॉल्व्हचं भोक साधारण 11.5 मिमीचं आहे की 16 चं, ते आधी बघा. टायरच्या आत चिकटवलेला कागदी लेबलचा तुकडा काढून टाका. तो ट्यूबला घासत राहतो आणि काही शे किलोमीटरनंतर पंक्चर येतं, ज्याचं कारण बाहेरून काही केल्या सापडत नाही.

पायरी 6: बसवताना

हबवरचा गंज तारेच्या ब्रशने साफ करा. नट आधी हाताने, मग समोरासमोर, मग चाक जमिनीला टेकवून टॉर्क रेंचने. 911 ला 130 न्यूटन मीटर. तुमच्या गाडीचा आकडा तिच्या पुस्तकातून घ्या. हवेच्या गनने अलॉय आवळू देऊ नका. कारखान्याने सांगितलं नसेल तर आट्यांना तेल नको. तेलामुळे तोच टॉर्क दाखवत असताना स्टड जास्त ताणला जातो.

तारेच्या चाकाला उलट रीत. दात आणि शंकू स्वच्छ करून पातळ ग्रीस लावा, आणि मोठा नट चाक अधांतरी असतानाच शिशाच्या किंवा तांब्याच्या हातोड्याने ठोकून आवळा. गाडीचं वजन चाकावर असताना ते शंकूवर मध्याला येत नाही. लोखंडी हातोडा वापरलात तर नटाचे कान चेपतील.

दोन्ही प्रकारांत 50 किलोमीटरनंतर पुन्हा आवळून बघा, आणि 200 नंतर आणखी एकदा. रिमची रुंदी किंवा ऑफसेट बदलला असेल तर अलाइनमेंट करून घ्या. हवेचा दाब जुन्या पुस्तकातला जसाच्या तसा चालणार नाही. पुस्तकापेक्षा दोन-तीन पीएसआय जास्तीपासून सुरुवात करा. पाचशे किलोमीटरनंतर नक्षीची खोली आत, मध्ये आणि बाहेर मोजा: मधे जास्त झिजली तर दाब कमी करा, कडांना जास्त झिजली तर वाढवा.

स्टेपनीचाही विचार करा. पत्र्याच्या स्टेपनीला तिचे मूळ नट लागतात, अलॉयचे चालत नाहीत. ते चार-पाच नट पिशवीत घालून स्टेपनीच्या खाली ठेवा. रात्री रस्त्यात ते घरी असल्याचं आठवून उपयोग नाही. नवा टायर मूळ स्टेपनीपेक्षा बराच लहान-मोठा असेल तर मागच्या अॅक्सलवर दोन वेगळे व्यास घेऊन फार लांब जाऊ नका, डिफरन्शियल (दोन चाकांना वेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरपेटी) तापतं.

काढलेली मूळ चाकं विकू नका, कितीही जागा अडो. गाडी विकताना त्यांची किंमत कळते, आणि मूळ अवस्था नोंदवणाऱ्या ऐतिहासिक वाहनांच्या ओळखपत्रासाठीही ती उपयोगी पडतात. टायर काढून, धुऊन, कोरडी करून, आतून मेणाचा हात फिरवून आडवी रचा, दोन चाकांमध्ये जाड कापड. प्रत्येकावर खडूने पुढचं-मागचं, डावं-उजवं लिहा. त्यांचे नट आणि व्हील कप त्याच खोक्यात, आणि वर मापांचा कागद: पीसीडी, भोक, रुंदी, ऑफसेट, आट्यांचं माप.